पान त्रेसष्ट, पान एकाहत्तर

बंगळूर, ९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

वडीलधाऱ्यांना पत्र लिहायचा मायना शाळेत शिकवला होता, पण तो वाचून तू आधी हसशील आणि मग माझं शुद्धलेखन तपासशील. म्हणून थेट कामाचं लिहिते. फोनच केला असता, पण गेल्या वेळी मी 'प्रबंध' म्हटलं, तुला 'संबंध' ऐकू आलं आणि तू बाबांना अर्धा तास फैलावर घेतलंस. शिवाय गणिताची चिन्हं फोनवर बोलता येत नाहीत.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलंय. मूळ संख्यांवरची एक बेरीज आहे, तिचा अंदाज मला हवा तितका नेमका मिळत नाही. आंशिक बेरजेचं सूत्र लावून पाहिलं, दोन महिने घालवले, पण अंदाजातल्या चुकीची मर्यादा फारच मोठी राहते. परवा बाबांशी बोलताना ते सहज म्हणाले, "अगं, सरोजने याच असल्या बेरजांवर काम केलं होतं. पीएच. डी. अर्धवट सोडली तिने. वही असेल कुठेतरी."

आत्या, मला आजवर हे माहीतच नव्हतं! करजणच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवणारी आत्या एवढंच मला ठाऊक. ती वही आहे का गं? असेल तर मला दाखवशील? एप्रिलच्या तीस तारखेला प्रबंध द्यायचा आहे.

तुझी,
मोहना


निजामपुरा, बडोदे, १८ जानेवारी २०२५

चि. मोहना,

तुझ्या बाबाच्या तोंडात तीळ भिजत नाही. वही आहे. उत्तरायणाच्या दिवशी पोटमाळ्यावरून काढली. सगळं बडोदं गच्चीवर पतंग उडवत होतं आणि मी खाली धूळ झटकत होते. झेरॉक्स सोबत पाठवते. वहीबरोबर टंकलिखित प्रकरणही आहे, त्याचीही प्रत घातली आहे.

शाळेतल्या पोरांना मी आंशिक बेरीज कशी समजावायची ते सांगते, कारण तुम्ही हल्लीची मंडळी सूत्र पाठ करता आणि अर्थ विसरता. आमच्या शाळेच्या फाटकावर गजेंद्रभाई येणारी पोरं मोजायचे. कोणतं पोर नेमकं कधी आलं हे त्यांना सांगता यायचं नाही. पण साडेदहापर्यंत एकूण किती आली, पावणेअकरापर्यंत किती, हे चोख. आता समज, उशिरा येणाऱ्याला जास्त वजन देऊन बेरीज करायची आहे. एकेका पोराची वेळ ठाऊक नसतानाही नुसत्या त्या एकूण आकड्यांवरून ही बेरीज काढता येते. मात्र दोन्ही कडा धरायच्या. फाटक बंद होतानाचा आकडा आणि फाटक उघडतानाचा आकडा. ती कडेची पदं विसरलीस तर सगळं मुसळ केरात.

आणि मी तीच विसरले, असं माझे मार्गदर्शक म्हणाले. तात्यासाहेब. सगळा विभाग त्यांना याच नावाने ओळखायचा. १९७६ सालच्या जूनमध्ये त्यांनी माझं प्रकरण परत दिलं. पान त्रेसष्टवर लाल शाईत दोन ओळी होत्या: 'खालच्या कडेचे पद कुठे? पाया न पाहता इमारत बांधली आहे.' मी चोवीस वर्षांची होते. सहा महिने रोज दहा-दहा तास बसून ते लिहिलं होतं. एक शब्द बोलले नाही. प्रकरण उचललं, घरी आले, वही मिटली. पुढच्या महिन्यात बी. एड.ला नाव घातलं.

तात्यासाहेब अजून आहेत. चौऱ्याण्णव वर्षांचे, सुभानपुऱ्यात सुनेकडे राहतात. माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. एकोणपन्नास वर्षांत मी त्यांच्याशी बोललेली नाही. लग्नाकार्यात समोर आले तर मी पदर सावरून दुसऱ्या पंगतीला बसते.

वाच आणि काही उपयोग झाला तर कर. चुकीच्या कामाचा कितीसा उपयोग होणार म्हणा!

आत्या


बंगळूर, ३० जानेवारी २०२५

आत्या,

बस आधी. बसलीस? तुझी चूक नव्हती!

वहीत पान त्रेसष्टवर तू संकलन (आम्ही म्हणतो ते इंटिग्रेशन) २ पासून सुरू केलेलं नाहीस. २ च्या डोक्यावर उजवीकडे एक बारीक उणे चिन्ह आहे. म्हणजे २ च्या किंचित आधीपासून. तिथे अजून एकही मूळ संख्या मोजलेली नाही, फाटक उघडलेलंच नाही, म्हणून खालच्या कडेचं पद शून्य! विसरली नव्हतीस, ते नव्हतंच.

मग तात्यासाहेबांना ते का दिसलं नाही? मी टंकलिखित पान शेजारी ठेवून पाहिलं. टाइपरायटरवर गणिताची चिन्हं नसायची ना? तू ती मागाहून काळ्या शाईने हाताने भरली आहेस. सगळी भरलीस आणि नेमकं ते एक उणे चिन्ह राहून गेलं. कागदावर नुसता २ उरला. त्यांनी जे वाचलं त्यात पद खरंच गहाळ होतं. पण त्यांनी वही मागितली नाही आणि तू दाखवली नाहीस.

वाचताना मला रडू आलं. एका टिंबाएवढ्या रेघेपायी तुझं सगळं... जाऊ दे, मला नीट लिहिता येत नाहीये.

पान चौसष्टपासून पुढचा तुझा अंदाज मला हवा होता त्याहून सरस आहे. माझं तिसरं प्रकरण मी त्यावरच उभं करतेय, आणि तिथे ठळक अक्षरांत तुझं नाव असेल. माझ्या गाइडनाही सांगितलं. ते म्हणाले, "कोण आहेत या बाई?"

तुझी,
मोहना


निजामपुरा, बडोदे, १२ फेब्रुवारी २०२५

मोहना,

तुझं पत्र वाचलं आणि मी देवघरासमोर जाऊन उभी राहिले. हात जोडायलाही सुचेना. मग ओट्याशी गेले, गॅस पेटवला, बंद केला. शेजारची कोमल दूध द्यायला आली तर मला बघून घाबरली. "सरोजबेन, शुं थयुं?" मी म्हटलं, "मी बरोबर होते." तिला काय कळणार! तरी ती बिचारी माझा हात धरून बसली.

खरं सांगू? आनंद पहिला दिवसच टिकला. दुसऱ्या दिवशी राग आला, आणि असा आला की जेवण जाईना. सकाळची बस पकडून करजणला गेलेली ती एकतीस वर्षं डोळ्यांपुढे येत राहिली. शिकवणं मला आवडायचं, पोरंही गुणी होती. पण दर वर्षी सातवीला तेच लसावि-मसावि शिकवताना मनात एक बाई कोपऱ्यात बसून असायची आणि म्हणायची, तुझी लायकी एवढीच.

मी तात्यासाहेबांना पत्र लिहिलं. गोड बोलले नाही. वहीतलं आणि टंकलिखित, दोन्ही पानं जोडली आणि लिहिलं: 'सर, खालच्या कडेचे पद शून्य होते. आपण एकदा विचारले असते तर मी वही दाखवली असती.' आठव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर कापरं, ओळी खाली घसरलेल्या. जसंच्या तसं उतरवते:

'चि. सरोजिनी, भिंगाने पाहिले. उणे चिन्ह आहे. चूक माझी. मी तुझे आयुष्य वळवले. या वयात नुकसान भरून देता येत नाही, क्षमा मागता येते. ती मागतो.'

मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि मग सोसायटीत जिलेबी-फाफडा वाटला. कशाबद्दल विचारलं तर म्हटलं, परीक्षेचा निकाल लागला. त्यांना भेटायला मात्र जाणार नाही. क्षमा मागितली, मी वाचली, विषय संपला.

माझं नाव ठळक नको. साध्या अक्षरांत घाल. पण घाल.

आत्या


बंगळूर, १९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

तात्यासाहेबांचं पत्र तू उतरवून पाठवलंस, ते मी जपून ठेवलंय. तुला इतकं मोकळं लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं.

प्रकरण लिहून होत आलंय. एक अगदी किरकोळ शंका आहे. पान एकाहत्तरवर तिसऱ्या ओळीवरून चौथी ओळ कशी आली, ते मला जरा समजत नाही. मीच कुठेतरी धांदरटपणा करत असेन. घाई नाही. सवडीने दोन ओळी लिहिशील का?

इथे उन्हाळा आत्ताच सुरू झालाय. तू दुपारची बाहेर पडू नकोस.

मोहना


निजामपुरा, बडोदे, ११ मार्च २०२५

मोहना,

'जरा समजत नाही' म्हणे! तुला चांगलं समजलं होतं. अगं, मी एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. चूक सापडूनही गुरुजींना लाजवू नये म्हणून 'समजत नाही' म्हणणारी पोरं मला नवी नाहीत. त्यातली एकही तुझ्याएवढं वाईट नाटक करत नव्हती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पान एकाहत्तर काढलं. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा. झेरॉक्स काढतानाही मी वाचलं नव्हतं, नुसती पानं उलटली होती. तिसरी ओळ वाचली, चौथी वाचली, आणि पुन्हा तिसरीवर आले. तरी दोन आठवडे मी त्याला वाचवायचा प्रयत्न केला. वाचत नाही.

चूक अशी. गजेंद्रभाई म्हणत, "बेन, माझ्या मोजणीत पाचाहून जास्त फरक नसेल." ठीक. फरक किती असेल हे त्यांनी सांगितलं. पण तो फरक मिनिटामिनिटाला किती वेगाने बदलतो, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. तो शून्यावरून पाचावर एका क्षणात उडी मारू शकतो. मी मात्र मर्यादेचंच विकलन केलं, तिच्या बदलाचा वेग काढला, आणि मर्यादा हळू वाढते, म्हणजे चूकही हळूच बदलते, असं गृहीत धरलं. चुकीच्या मर्यादेचं संकलन चालतं, विकलन चालत नाही. माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं तर मी छडीच मारली असती. म्हणून तर माझा अंदाज इतका सरस आला. फुकटचा सरस होता.

तात्यासाहेबांनी चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं. पण चोर होता, मोहना. माझ्याच घरात होता, आठ पानं पुढे. त्यांचं कारण चुकलं, निकाल चुकला नाही. ते प्रकरण तेव्हाही नापासच व्हायला हवं होतं.

माझ्या अंदाजावर उभं केलेलं सगळं प्रबंधातून काढून टाक. आजच काढ. तुझ्या गाइडना माझ्या नावाने सांग. त्यांनी 'कोण आहेत या बाई' विचारलं होतं ना, त्याचं उत्तर मिळेल.

आता एक गोष्ट उरली आहे. टेबलाच्या खणात चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसाचं क्षमापत्र आहे. 'मी तुझे आयुष्य वळवले.' ते त्यांनी वळवलं नव्हतं. मी ते पत्र कडक शब्द लिहून त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यावर जिलेबी वाटली. रोज खण उघडते आणि बंद करते.

आत्या


बंगळूर, १६ मार्च २०२५

प्रिय आत्या,

पकडलंस. मला सव्वीस जानेवारीच्या आसपासच पान एकाहत्तरची शंका आली होती, पण त्रेसष्टच्या आनंदात मी ती बाजूला सारली. 'तुझी चूक नव्हती' असं लिहून बसले. ते वाक्य मी पूर्ण वही तपासल्याशिवाय लिहायला नको होतं. तुला उंच चढवलं आणि खालून शिडी काढली. मला माफ कर.

तिसरं प्रकरण मी मागे घेतलंय. गाइडना तुझ्या नावाने सांगितलं. म्हणाले, "त्यांनी स्वतःच शोधली चूक? बरं." आणि थोड्या वेळाने परत म्हणाले, "बरं."

तात्यासाहेबांना सांगू नकोस, आत्या. हात जोडते. ते इतके थकलेत. क्षमा मागून त्यांचं मन हलकं झालं असेल, तर आता जाऊन पुन्हा सगळं का ढवळायचं? आणि पान त्रेसष्टपुरतं त्यांचं खरंच चुकलं होतं. तेवढ्यापुरती ती क्षमा तुझी आहे. ठेवून घे. कुणाचंही काही बिघडत नाही.

तुझी,
मोहना


निजामपुरा, बडोदे, २४ मार्च २०२५

चि. मोहना,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि रिक्षा बोलावली. तू प्रेमाने सांगितलंस, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं. जो माणूस आपल्यामुळे स्वतःला अपराधी समजतोय, त्याला तसंच मरू द्यायचं आणि वर त्याला दया म्हणायचं, हे मला जमणार नाही.

दार सुनेत्राने उघडलं, त्यांच्या सुनेने. मी नाव सांगितलं तशी ती एकदम मागे वळून मोठ्याने म्हणाली, "बाबा, सरोजिनीबाई आल्या!" म्हणजे त्या घरात माझं नाव रोजचं होतं. मला हे ठाऊक नव्हतं.

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. एवढेसे झालेत. मी पाया पडले. ते काहीतरी बोलले, मला ऐकू येईना, मी कानाकडे बोट दाखवलं. मग सुनेत्राने त्यांच्या मांडीवर पाट आणि कोरे कागद ठेवले. ते लिहिणार आणि मी बोलणार, असं ठरलं.

मी वही उघडून पान एकाहत्तर पुढे केलं आणि म्हटलं, "सर, तुमची क्षमा परत द्यायला आले." त्यांचं पत्र वहीवर ठेवलं. त्यांनी पत्राकडे पाहिलंही नाही. भिंग घेतलं आणि वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बोट चौथीवर थांबलं. फार वेळ थांबलं. मग त्यांनी चौथ्या ओळीखाली नखाने रेघ ओढली आणि मान हलवली. त्यांना दिसलं होतं. चौऱ्याण्णवाव्या वर्षी, भिंगातून, मला जे मान्य करायला दोन आठवडे लागले ते त्यांना दहा मिनिटांत दिसलं.

त्यांनी लिहिलं: 'तेव्हा वाटले होते, अंदाज अति चांगला आहे. कुठे चुकले ते सापडेना. कडेचे पद दिसले, तेच लिहिले. तुला समोर बसवायला हवे होते.'

मी म्हटलं, "सर, मीही यायला हवं होतं. निकाल तुमचाच बरोबर होता. तुमच्या डोक्यावर माझं काही ओझं नाही."

 त्यांनी कागदावर सावकाश लिहिलं, आणि कागद माझ्याकडे फिरवला:

'इतकी वर्षे वही उघडली का नाहीस?'

मोहना, मला राग आला असता तर बरं झालं असतं. ते टोचून विचारत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि मी तोंड उघडलं तर जे बाहेर आलं ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "उघडली असती आणि चूक सापडली असती, तर तुमच्यावर रागावता आलं नसतं. आणि सापडली नसती, तर इतकी वर्षं गप्प का बसले, हे स्वतःला विचारावं लागलं असतं." एवढं बोलले आणि रडले. दुसऱ्याच्या घरी, परक्या सुनेसमोर, पदर तोंडाला लावून हमसून रडले. सुनेत्रा पाणी घेऊन आली. तात्यासाहेबांनी मला थांबवलं नाही. रडणं ओसरल्यावर त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला, पेन दिलं, आणि खिडकीतल्या टेबलाकडे बोट केलं.

मी बसले. विकलन चुकीवरून काढून वजनावर टाकलं, म्हणजे ज्याचं विकलन करायला हरकत नाही त्याच्यावर. आंशिक बेरजेचा सगळा उपयोगच तो आहे. अंदाज ढिला झाला, लॉग एक्सचा एक आख्खा घटक जास्त पडला. पण टिकला. दोनदा तपासला. मधे एकदा अडले तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कागदावर नुसतं '२⁻' लिहून दाखवलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा ते खुर्चीतच झोपले होते. उठवलं नाही. सुनेत्राच्या हातून एक प्रत करून घेतली, मूळ कागद त्यांच्या पाटावर ठेवला. क्षमापत्र त्यांनी शेवटपर्यंत हातात घेतलं नव्हतं. मी ते वहीत ठेवलं आणि घरी आणलं.

प्रत सोबत आहे. माझ्या जुन्या अंदाजाइतका हा सरस नाही, पण तुझ्या दोन महिन्यांच्या अंदाजाहून बरा आहे. तुझ्या प्रकरणाला पुरेल की नाही ते तूच पाहा, आणि या वेळी प्रत्येक ओळ तपास, मी आत्या आहे म्हणून सोडू नकोस. पुरला तर पहिल्या मांडणीतली चूक कुठे होती तेही छाप.

टेबलावर बसले तेव्हा सव्वातीन वाजले होते. उठले तेव्हा साडेपाच. एवढंच काम होतं, मोहना.

सरोजिनी